ग्रंथसेवाव्रती डॉ. रंगनाथन

श्रीपांडुरंगाच्या आणि सद्गुरूंच्या चरणी मस्तक ठेवून या महिन्याचे चरित्र लिहावयास घेत आहोत. भाविक वाचकहो, आजवर आम्ही या पानांवर बहुधा संतांचीच चरित्रे मांडली. आज ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे त्यांना कोणी संत म्हणून पूजिले नाही. त्यांची पालखी निघत नाही. त्यांनी अभंग रचले नाहीत, की गळ्यात वीणा घेतली नाही. ते आधी गणिताचे मास्तर होते आणि पुढे जन्मभर ग्रंथपाल होते.

मग माळकऱ्याने हे चरित्र कशासाठी ऐकावे? दुसऱ्या कोणी विचारण्याआधी आम्हीच स्वतःला हा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर असे की, आपला संप्रदाय ग्रंथावर उभा आहे. ज्ञानेश्वरी, नाथांचे भागवत आणि तुकोबारायांची गाथा ही आपली प्रस्थानत्रयी. ग्रंथ चौरंगावर मांडावा, गंधफूल वाहावे, मग वाचावा, ही आपली रीत. परंतु पूजेत एक धोका असतो, बरे का! गंधफूल राहते आणि वाचन तेवढे सुटते. ग्रंथाची पूजा करता करता आपण ग्रंथच बांधून ठेवतो. असा बांधलेला ग्रंथ सोडवून वाचणाऱ्याच्या हाती देणे, हीच ज्याने सेवा मानली, त्या पुरुषाचे नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन.

त्यांचा जन्म १८९२ च्या ऑगस्ट महिन्यात तमिळ देशी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. आज त्या गावाला सिरकाळी म्हणतात. ही कावेरीकाठची भूमी मोठी पुण्यवान. तमिळ शैव संतांतले बालसंत संबंदर याच शियाळीचे. त्यांच्या व इतर संतांच्या पदांविषयी त्या देशी परंपरेने एक कथा सांगतात. ती पदे ताडपत्रांवर लिहून चिदंबरमच्या देवालयातील एका खोलीत कुलूपबंद ठेविली होती. पुढे राजराज चोळ राजाला ती ऐकण्याची आर्त लागली. त्याने खटपटीने ती खोली उघडविली, तो काय! ताडपत्रांवर वाळवीचे वारूळ चढलेले. बरीचशी पदे कायमची गेली, उरली तेवढी गोळा केली. आता आपल्या तुकोबारायांच्या वह्या आठवा. त्या इंद्रायणीत बुडविल्या, तरी तरल्या. भाविक म्हणतो देवाने राखल्या, विचारी म्हणतो लोकांच्या मुखात होत्या म्हणून राहिल्या. आम्हाला या दोन्हींत विरोध दिसत नाही. लोकांच्या मुखात राहणे हीच देवाची राखण. नदीत पडलेला ग्रंथ वाचला आणि कुलपात ठेविलेला गेला, एवढे मात्र ध्यानात धरावे. शियाळीहून चिदंबरम फार दूर नाही.

तंजावर म्हटले की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. तेथे भोसले कुळाने राज्य केले. सरफोजी महाराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय तेथे आजही आहे, आणि त्यात मराठी व मोडी कागदपत्रांचाही मोठा संग्रह आहे. आपले मराठी कीर्तनही त्या देशी गेले आणि तिकडच्या हरिकथेत मिसळले. तेव्हा हे चरित्र अगदी परक्या मुलखातले आहे असे कोणी समजू नये.

रंगनाथनांचे वडील रामामृत अय्यर हे बेताच्या शेतीवाडीचे गृहस्थ. गावातल्या मंडळींपुढे ते रामायण सांगत. मुलगा अवघा सहा वर्षांचा असताना त्यांनी देह ठेविला. आई सीतालक्ष्मी मोठी भाविक होती. आजोळचे आजोबा शाळामास्तर. अशा रीतीने एका घरातून कथेचा आणि दुसऱ्या घरातून शिकविण्याचा वारसा त्या पोरक्या मुलाकडे आला. देवाची लीला पाहा, कथेकऱ्याचा हा मुलगा बोलताना अडखळत असे. जीभ अडे, शब्द बाहेर येईना. आम्ही कीर्तनकार, आम्हाला हे दुःख लवकर कळते. ज्याला बोलून पोट भरावयाचे त्याची जीभ अडावी, म्हणजे धावणाऱ्याचा पायच अडावा. परंतु या मुलाने हिंमत सोडली नाही. सायासाने त्याने वाणी ताब्यात आणली आणि पुढे शिक्षकाचाच धंदा पत्करला.

मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. १९१३ मध्ये बी. ए. आणि १९१६ मध्ये एम. ए. झाले. तेथे एडवर्ड रॉस नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांना रंगनाथनांनी जन्मभर गुरुस्थानी मानले. देश वेगळा, धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण गुरुशिष्याचे नाते जुळावयाला यातले काही आड आले नाही. सैदापेठच्या शिक्षक महाविद्यालयाची परीक्षा देऊन १९१७ पासून ते आधी मंगळूरला, मग कोइमतूरला आणि १९२१ पासून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. मास्तराने सांगावे आणि पोरांनी घोकावे ही रीत त्यांना मानवत नसे. मुलाने ग्रंथ चाळावा, शोधावे, चुकावे आणि स्वतः समजून घ्यावे, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढच्या सगळ्या कार्याचे बीज येथेच पडले.

१९२३ च्या सुमारास मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. सुमारे नऊशे अर्ज आले असे सांगतात, पण ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेला त्यात एकही नाही! रंगनाथनांना मनापासून तिकडे जावयाचे नव्हते. मित्रांच्या आग्रहाने त्यांनी अर्ज केला आणि मुलाखतीपूर्वी इंग्रजी विश्वकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचून गेले. तेवढ्या शिदोरीवर त्यांची निवड झाली. १९२४ च्या जानेवारीत ते कामावर रुजू झाले, आणि आठ दिवसांतच कंटाळले. कारण काय? ग्रंथ होते, कपाटे होती, पण माणूस नव्हता. वर्गातला गलबला सोडून या मुक्या भिंतींत येऊन बसणे त्यांना बंदिवासासारखे वाटले. जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन ते परत घेण्याची विनवणी करू लागले. प्राचार्य शहाणे. त्यांनी अट घातली की, आधी ठरल्याप्रमाणे विलायतेला जा, तिथली ग्रंथालये पाहा, आणि तरीही नको वाटले तर परत या, जागा देऊ.

त्याच वर्षी रंगनाथन लंडनला गेले. तेथील विद्यापीठ महाविद्यालयात त्यांना बर्विक सेयर्स नावाचे शिक्षक भेटले. हे सेयर्स लंडनजवळच्या क्रॉयडन गावच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. या जिज्ञासू शिष्याला त्यांनी आपले ग्रंथालयच मोकळे करून दिले. रंगनाथनांनी त्या देशातली शंभरावर ग्रंथालये पायांखाली घातली. तेथे त्यांना काय दिसले? कामगार ग्रंथालयात येतो, घरची बाई येते, लहान पोर येते, आणि ज्याला जे हवे ते पुस्तक त्याच्या हाती पडते. आमच्याकडे ग्रंथ म्हणजे राखावयाची ठेव, आणि इकडे ग्रंथ म्हणजे वाटावयाचा प्रसाद! गणिताच्या वर्गात तीस-चाळीस मुलांना शिकविता येते, पण ग्रंथालयातून सगळ्या समाजाला शिकविता येईल, हे त्यांच्या मनाने घेतले. १९२५ मध्ये ते मायदेशी परतले. कॉलेजात परत जाण्याचे मग त्यांनी नावही काढले नाही.

विलायतेतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मुलांचे एक खेळणे पाहिले. भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके, दोरे आणि खिळे-पेच एवढेच त्यात असते. तेवढ्यातून पोरगा हवा तर पूल करतो, हवी तर गाडी करतो. ते पाहून रंगनाथनांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी ग्रंथांची वर्गवारी म्हणजे आधीच पाडून ठेवलेले कप्पे. नवा विषय आला की तो ओढूनताणून कुठल्या तरी कप्प्यात कोंबावयाचा. यांनी ठरविले की कप्पे न पाडता विषयाचे घटकच वेगळे करावे. मूळ वस्तू कोणती, तिचे द्रव्य काय, तिच्यावर क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता, याप्रमाणे प्रत्येकाला खूण द्यावी आणि ग्रंथ येईल तशा त्या खुणा जोडाव्या. जोडावयाला त्यांनी दोन टिंबांचे विरामचिन्ह घेतले, म्हणून त्या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. परतीच्या प्रवासात बोटीवरचे लहानसे ग्रंथालय घेऊन त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला. १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

आमचे शिक्षण जुन्या पाठशाळेतले. लघुकौमुदी घोकून आमचे बालपण गेले. म्हणून हे वाचताच आम्हाला भगवान पाणिनींची आठवण झाली. मोजके धातू, मोजके प्रत्यय, आणि त्यांच्या जोडणीतून अपार शब्दसृष्टी! रंगनाथनांनी तोच विचार ग्रंथांच्या दुनियेत नेला. जगातल्या बहुतेक ग्रंथालयांत अजूनही दुसऱ्याच पद्धतीने पुस्तके लावतात, हे खरे. परंतु विषय घटकांत फोडून शोधावा, हा त्यांचा विचार मात्र सगळ्या जगातल्या जाणत्यांनी उचलला.

मद्रासला परत आल्यावर त्यांनी काम कसे केले ते ऐका. वीस वर्षांत एक दिवस रजा नाही. रोज तेरा-तेरा तास काम, आणि आठवड्याचे सातही दिवस. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यांनी वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्याची वहिवाट पाडली. वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ द्यावे, ग्रंथ हाताळू द्यावा, हाही प्रघात त्यांनीच घातला. १९३६ मध्ये समुद्रकिनारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत झाली. आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एक विणेकरी दमला की दुसरा पुढे होऊन ती गळ्यात घेतो. इथे मात्र एकच विणेकरी वीस वर्षे उभा राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु चरित्र सांगणाऱ्याने एकच बाजू सांगू नये. जो गृहस्थ तेरा तास बाहेर असतो त्याचे घर कोण चालविते? तुकोबारायांचे भजन आपण गातो, पण भाकरी बांधून डोंगर चढणाऱ्या जिजाईची आठवण किती जण ठेवतात? रंगनाथनांचा पहिला विवाह रुक्मिणीबाईंशी १९०७ मध्ये झाला होता. १९२८ मध्ये अपघाताने त्यांचा अंत झाला. पुढे सारदाबाई घरात आल्या. त्यांच्या विवाहाच्या दिवशीही दुपारनंतर हे ग्रंथालयात कामावर गेले असे सांगतात. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात, आम्हाला मात्र तेवढे कौतुक वाटत नाही. या निष्ठेचे मोल त्या माउलीनेही चुकविले. मात्र रंगनाथनांना याचा विसर पडला नाही, हे पुढे दिसेल.

१९२८ साल त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे. त्या वर्षी मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि ते त्याचे चिटणीस झाले. त्याच वर्षी त्यांना पाच सूत्रे सापडली. इतकी वर्षे काम केले, पण या सगळ्याच्या बुडाशी तत्त्व कोणते, हे त्यांना शब्दांत धरता येईना. एके संध्याकाळी गुरू रॉससाहेब भेटीला आले. शिष्याची तळमळ त्यांनी ऐकून घेतली आणि जाता जाता सहज बोलल्यासारखे पहिले सूत्र त्याच्या पदरात टाकले. ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत, एवढाच त्याचा आशय. पुढची चार सूत्रे मग आपोआप उलगडली. गुरूचा शब्द असाच असतो. आपण डोंगर पोखरीत बसतो आणि ते दार दाखवून निघून जातात.

ही पाच सूत्रे १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा भावार्थ आम्ही आपल्या बोलीत सांगतो. पहिले, ग्रंथ उपयोगासाठी आहे, साठवणुकीसाठी नव्हे. दुसरे, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, मग तो श्रीमंत असो की गरीब, पुरुष असो की स्त्री, शहरातला असो की खेड्यातला. तिसरे, प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक भेटला पाहिजे, तोवर तो वाट पाहत बसलेला असतो. चौथे, वाचकाचा वेळ वाया दवडू नये. पाचवे, ग्रंथालय हे वाढता जीव आहे, त्याला वाढू द्यावे.

दुसरे सूत्र वाचून आम्ही पोथी खाली ठेवली आणि बराच वेळ बसून राहिलो. माउलींनी दुसरे काय केले? गीता संस्कृतात होती, मोजक्यांच्या हाती होती. ती त्यांनी देशी भाषेत आणून ज्याची त्याला दिली. सातशे वर्षांपूर्वी नेवाशात जे घडले तेच हा मद्रासचा ग्रंथपाल आपल्या रीतीने सांगत होता. आणि आम्ही, ज्ञानेश्वरीवर चाळीस वर्षे कीर्तने करणारे, काय करीत होतो?

सांगावयाला संकोच वाटतो, तरी सांगतो. आमच्या गुरुजींकडून आमच्याकडे पोथ्यांची एक पेटी आली होती. हाताने लिहिलेल्या, लाल रुमालांत बांधलेल्या पोथ्या. त्यांत भागवताच्या एकादश स्कंधावरचे एक संस्कृत टिपण होते. काही वर्षांपूर्वी एक माळकरी बाई आमच्याकडे आल्या. त्या शाळेत शिकवीत. ते टिपण आपल्या हाताने उतरून घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही विचारले, व्याकरण झाले आहे काय? त्या नाही म्हणाल्या. आम्ही अधिकाराची गोष्ट काढली आणि त्यांना रिकाम्या हाती परत पाठविले. त्या काही बोलल्या नाहीत, नमस्कार करून गेल्या. आम्ही तरी ती पोथी सोडून वाचीत होतो काय? छे! दर दसऱ्याला पेटी पाटावर घ्यावी, रुमालावरच गंधफूल वाहावे आणि परत ठेवावी. एके वर्षी रुमाल हाताला ओलसर लागला म्हणून सोडला, तो आत वाळवी. कडेची पाने जाळीसारखी झालेली. नेमके तेच टिपण अर्धे गेले. त्या बाईंनी उतरून घेतले असते तर आज ते पूर्ण असते. चिदंबरमची कथा आम्ही कीर्तनात कितीदा सांगितली असेल, पण ती आपल्याच घरात घडत होती, हे कळले नाही.

असो. मूळ कथेकडे येऊ.

रंगनाथनांच्या मनात एक प्रश्न होता. जो ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नाही त्याचे काय? १९३१ च्या ऑक्टोबरात तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडीजवळच्या मेलवासल गावी त्याचे उत्तर निघाले. कनकसभै पिळ्ळै नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने तेथे एक बैलगाडी सजविण्यात आली. गाडीत फळ्या बसविल्या, फळ्यांवर पुस्तके मांडली, आणि ती गाडी खेडोपाडी फिरू लागली. तिच्यामागे मद्रासच्या ग्रंथालय संघाची आणि रंगनाथनांची प्रेरणा होती. आळंदीहून माउलींच्या पादुका बैलजोडीच्या रथातून निघतात आणि वाटेवरच्या गावकऱ्यांना दारात दर्शन घडते. तशीच ही गाडी वाचकाच्या दारी जात होती. ज्याला वाचता येत नाही त्याला कोणी तरी वाचून दाखवावे, निरक्षर म्हणून त्याला ग्रंथाबाहेर ठेवू नये, असेही रंगनाथनांचे म्हणणे होते. आपल्याकडे एक जण पोथी वाचतो आणि गाव ऐकतो, ते याहून वेगळे नव्हे.

एकट्या माणसाच्या उत्साहावर असे कार्य किती दिवस चालणार? म्हणून ग्रंथालयांना कायद्याचा आधार हवा, असा ध्यास त्यांनी घेतला. १९३० पासून ते कायद्याचे मसुदे करीत होते. अखेर १९४८ मध्ये मद्रास प्रांताने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. घरपट्टीवर अल्पसा ग्रंथालय कर बसविला आणि त्यातून गावोगावची ग्रंथालये चालविण्याची तरतूद झाली. म्हणजे वर्गणी भरणे ज्याला परवडत नाही त्यालाही आपल्या हक्काने पुस्तक मागता येऊ लागले. आपल्या बाजूला कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ मध्ये झाला.

१९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या कारभाराशी मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले. वय ५३ वर्षांचे. आता शांतपणे लेखन करावे असा विचार चालला होता. इतक्यात काशीहून बोलावणे आले. हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू तेव्हा डॉ. राधाकृष्णन होते. तेथील ग्रंथसंग्रह मोठा होता, पण त्याची घडी बसलेली नव्हती. रंगनाथन गेले आणि सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण जवळजवळ एकहाती करून टाकले. विचार करा, एक लाख! एकेक ग्रंथ हाती घ्यावयाचा, त्यात काय आहे ते पाहावयाचे, त्याची खूण ठरवावयाची, आणि दुसरा उचलावयाचा. आपण काशीला जातो ते गंगास्नानासाठी. यांनी तेथे दोन वर्षे ग्रंथांच्या धुळीत स्नान केले.

१९४७ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात गेले. तेथे ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांनी उभे केले. मास्तर पुन्हा वर्गात आला, पण आता त्याचा विषय गणित नव्हता. १९४८ मध्ये युरोपात आणि १९५० मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी तिथल्या जाणत्यांशी विचारविनिमय केला. १९५५ ते १९५७ या काळात ते स्वित्झर्लंडमधील झुरिक नगरात राहिले. पूर्वी विलायतेला शिकावयास गेलेला हा माणूस आता शिकविण्याच्या अधिकाराने जात होता. मात्र राहणी तीच, साधी. खादीचा पोशाख, गरजा थोड्या.

आणि मग त्यांनी काय केले? जन्मभराच्या काटकसरीने साठलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकले. ज्या विद्यापीठातून ते मन खट्टू होऊन बाहेर पडले होते, त्यालाच! त्यातून ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले. त्याला त्यांनी नाव दिले ते सारदा रंगनाथन, म्हणजे आपल्या पत्नीचे. १९६१ मध्ये बंगळूरला जो न्यास केला त्यालाही तिचेच नाव. जिने घर सांभाळले तिचे ऋण त्यांनी असे मान्य केले. ऋण त्याने फिटते काय, हे आम्ही सांगू शकत नाही. पण रागाचा विसर आणि उपकाराची आठवण एकाच दानात दिसावी, ही गोष्ट लहान नव्हे.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर काही काळ ते उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात होते. १९६२ मध्ये बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आधाराने त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या संशोधनाचे व शिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९६५ मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान दिला. सत्तरी ओलांडली तरी लेखन थांबले नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी गणिती रामानुजन यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पन्नासांहून अधिक ग्रंथ लिहून, देशभर शिष्य तयार करून, २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांनी देह ठेविला.

वाचकहो, अशी ही सेवा. यात चमत्कार नाही. भिंत चालली नाही, की रेडा बोलला नाही. एका अडखळत बोलणाऱ्या मास्तराने मुक्या कपाटांना बोलते केले, एवढेच. दास्यभक्ती म्हणजे देवापुढे हात जोडून उभे राहणे, असे आपण समजतो. परंतु दास तो, जो धन्याची ठेव ज्याची त्याला पोचवितो. ज्ञान ही देवाची ठेव. ती अडवून धरणारा पुजारी झाला तरी दास होत नाही. हे आम्ही दुसऱ्याला शिकविण्यासाठी लिहीत नाही, आमचा अनुभव लिहितो.

त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १२ ऑगस्टला आपल्या देशात ग्रंथपाल दिन पाळतात. ही तारीख बहुधा श्रावणाच्या आगेमागे येते. श्रावणात आपल्या गावोगावी पोथी लावतात. या श्रावणात प्रत्येकाने एक करावे. घरात, मठात, देवळाच्या माळ्यावर जे ग्रंथ बांधून ठेवले असतील ते खाली उतरवावे, ऊन दाखवावे, उघडून पाहावे. आणि कोणी मागावयास आला, तर त्याचा अधिकार विचारण्यापूर्वी आपण तो ग्रंथ शेवटचा कधी वाचला, हे स्वतःला विचारावे.

आमच्या पेटीचे कुलूप आम्ही काढून टाकले आहे. उरलेले अर्धे टिपण घेऊन गेल्या वर्षी आम्ही स्वतःच त्या बाईंच्या गावी गेलो. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. आम्ही पोथी त्यांच्या हाती दिली आणि क्षमा मागितली. त्यांनी पोथी कपाळाला लावली, चष्मा पुसला आणि ओटीवरच उतरून घ्यावयास बसल्या. पहिल्याच पानावर त्यांनी आम्हाला एका समासाचा विग्रह विचारला. मधल्या वर्षांत त्यांनी घरीच व्याकरण केले होते.

रामकृष्णहरि.